खाणीपासून राडारोड्यापर्यंत

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. घर बांधताना माणसाची जी दमछाक होते, तिची साक्ष या म्हणीत आहे. परंतु म्हण घराच्या आयुष्यातील एकाच प्रसंगाविषयी बोलते. भूमिपूजन झाले, स्लॅब पडला, वास्तुशांत आटोपली, की घर झाले असे आपण मानतो. वास्तविक त्या घराचे आयुष्य भूमिपूजनाच्या पुष्कळ आधी, कोठल्या तरी दूरच्या खाणीत सुरू झालेले असते. आणि शेवटचा रहिवासी बाहेर पडल्यानंतरही ते संपत नाही, राडारोड्याच्या रूपाने कोठे तरी पडून राहते. या संपूर्ण आयुष्याचा विचार करून घर कसे बांधावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हवामान बदलत असल्याची प्रचीती आता शेतकऱ्यापासून शहरवासीयापर्यंत प्रत्येकाला येऊ लागली आहे. अशा काळात हा विषय वास्तुविशारदांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

हे घराचे पूर्वायुष्य डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर छत्तीसगडात, दुर्ग जिल्ह्यातील भिलाईला जावे. मराठी माणसाला तो मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागांत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि पोलादाचा कारखाना उभा राहिल्यावर त्यांत आणखी भर पडली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या डोंगरांतून लोहखनिज येते, नंदिनीहून चुनखडक येतो, आणि या दगडांचे रूळ, पत्रे, तारा आणि सळया होऊन त्या देशभर जातात. १९६५ साली जवळच जामूल येथे सिमेंटचा कारखाना सुरू झाला. सुपेल्याच्या पलीकडचे कोहका हे या नगराने आपल्या पोटात घेतलेल्या जुन्या गावांपैकी एक. आज ते भिलाई महानगरपालिकेच्या हद्दीतील एक दाट वस्ती आहे. एका अंगाला पोलादाची भट्टी, दुसऱ्या अंगाला सिमेंटची भट्टी आणि मध्ये माणसांची घरे, असे हे ठिकाण आहे. आधुनिक घराची दोन्ही मुख्य द्रव्ये ज्यांच्या दाराशी जन्मतात, असे फार थोडे लोक देशात असतील. कोहक्याचे रहिवासी त्यांपैकी आहेत.

या दोन भट्ट्यांत नेमके काय घडते, ते प्रथम पाहू. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. त्यातील प्राणवायू काढून घेतल्यावाचून लोखंड हाती येत नाही, आणि तो काढून घेण्याचे काम झोतभट्टीत दगडी कोळशापासून केलेला कोक करतो. कोकमधील कर्ब प्राणवायूशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण सोयीसाठी ज्याला कर्बवायू म्हणू, तो बाहेर पडतो. रसायनशास्त्राचा हिशेब असा की, खनिजातून एक टन लोखंड अशा रीतीने वेगळे करताना, भट्टी तापविण्याचा खर्च न धरताही, एक टनाहून अधिक कर्बवायू निर्माण होतो. भट्टीची उष्णता, कोक तयार करणे, लोखंडाचे पोलाद करणे, त्याच्या सळया ओढणे हे सारे जमेस धरले, म्हणजे एक टन पोलादामागे हा आकडा दोन ते अडीच टनांवर जातो.

सिमेंटची गोष्ट याहून विलक्षण आहे. चुनखडक भाजला की त्याचा चुना होतो, हे आपल्या चुनाभट्टीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला असता चुना मिळतो फक्त ५६ किलो; उरलेले ४४ किलो वजन कर्बवायू होऊन आकाशात जाते. म्हणजे इंधन कितीही निर्मळ वापरले, उद्या सारी भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालविली, तरीही दगडाच्या पोटातला हा वायू बाहेर पडणारच. चुनखडक आणि माती एकत्र भाजून जो खडा तयार होतो त्याला क्लिंकर म्हणतात, आणि साध्या सिमेंटमध्ये जवळजवळ सारा भाग या क्लिंकरचाच असतो. त्यामुळे ५० किलोच्या एका पोत्यामागे सुमारे ४० किलो कर्बवायू धरावा लागतो. पोते खांद्यावर घेणाऱ्या हमालाला या दुसऱ्या ओझ्याची कल्पना नसते. तसे पाहिले तर घरमालकालाही नसते. जगातील एकूण कर्बवायूपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे आणि जवळपास तेवढाच पोलादाचा आहे. इमारती बांधणे आणि वापरणे या दोहोंचा मिळून वाटा, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार, सुमारे एक तृतीयांश भरतो.

हे मोठे आकडे ऐकून मन सुन्न होते, पण त्यांतून आपल्या घराचा बोध होत नाही. म्हणून एका लहान घराचाच हिशेब मांडू. ५०० चौरस फुटांचे, स्लॅबचे छप्पर असलेले साधे घर घ्या. असे घर कोहक्यात असेल, वर्ध्यात असेल, किंवा सोलापुरात असेल. कंत्राटदारांचा सर्वसाधारण ठोकताळा असा आहे की, दर चौरस फुटास ०.४ पोते सिमेंट आणि ४ किलो सळई लागते. म्हणजे २०० पोती सिमेंट आणि २ टन सळई झाली. वरच्या प्रमाणाने सिमेंटचा कर्बवायू ८ टन आणि सळईचा ४ ते ५ टन होतो. विटा, वाळू, खडी, वाहतूक हे सारे सोडून दिले तरी १२ टनांची ही रक्कम घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच खर्ची पडलेली असते. आता विजेचा हिशेब करा. त्या घरातील कुटुंब महिन्याला १०० युनिट वीज वापरते असे धरू. आपल्या देशात वीज अद्याप मुख्यतः कोळशावर तयार होत असल्यामुळे एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू पडतो. वर्षाच्या १,२०० युनिटांचा होतो साधारण ८५० किलो. म्हणजे घर बांधताना जो धूर निघाला, तो त्या कुटुंबाच्या चौदा वर्षांच्या विजेच्या धुराइतका आहे!

या हिशेबात आणखी एक मर्म आहे. विजेचा वापर पुढे कमी करता येतो. छपरावर सौर पट्ट्या बसविता येतात. दिवे आणि पंखे बदलता येतात. खुद्द वीजही वर्षागणिक अधिक निर्मळ होत जाईल अशी आशा आहे. परंतु बांधकामाच्या वेळी जो वायू गेला तो गेला. त्यात मागाहून दुरुस्ती नाही. म्हणूनच घराचा नकाशा कागदावर असतो तेव्हाचे चार दिवस हे घराच्या पुढच्या साठ वर्षांपेक्षाही काही बाबतीत अधिक मोलाचे असतात. भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले की, २०७० पर्यंत देशाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. आज ज्या घराचा पाया भरला जात आहे ते घर २०७० साली पंचेचाळिशीत असेल. तेव्हाचा हिशेब आपण आजच लिहीत आहोत.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो योग्य आहे. ज्याच्या डोक्यावर पत्र्याचे छप्पर आहे, ज्याची भिंत दर पावसाळ्यात खचते, त्याला सिमेंट-पोलादाचे दोष सांगण्याचा अधिकार पक्क्या घरात राहणाऱ्याला आहे काय? मुळीच नाही. आपल्या देशात कोट्यवधी कुटुंबांना अजून नीट घर मिळावयाचे आहे, आणि जगाच्या वातावरणात आजवर साचलेल्या कर्बवायूत या कुटुंबांचा वाटा नगण्य आहे. घर बांधू नका, असे कोणी म्हणू नये. म्हणणे एवढेच आहे की, जे घर बांधाल ते एकदाच बांधावे, कमी द्रव्यात बांधावे, आणि त्यात राहणाऱ्याला उन्हाळ्यात सुखाने राहता यावे. या तीनही गोष्टी गरिबाच्या हिताच्या आहेत; श्रीमंत माणूस चुकीच्या घरातही यंत्रे लावून राहू शकतो.

कमी द्रव्यात बांधण्याचा एक मार्ग भिलाईच्याच भट्टीतून निघालेला आहे. लोखंड वितळताना त्यावर जो मळ तरंगतो, त्याला धातुमळ किंवा स्लॅग म्हणतात. तो पाण्याच्या झोताने एकदम थंड केला की त्याची वाळूसारखी कणी होते, आणि ती दळून क्लिंकरमध्ये मिसळली असता तिच्या अंगी सिमेंटचा गुण येतो. जामूलच्या कारखान्यात भिलाईचा हा धातुमळ सिमेंटमध्ये वापरला जाऊ लागला. भारतीय मानकानुसार अशा सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्क्यांपर्यंत धातुमळ चालतो. निम्मे क्लिंकर वाचले तर सिमेंटचा कर्बवायूही निम्म्याच्या आसपास उतरतो. आपल्या लहान घराच्या हिशेबात तीन टनांहून अधिक बचत होते. औष्णिक वीजकेंद्रांची राख हे असेच दुसरे द्रव्य. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, कोरबा येथे या राखेचे अक्षरशः डोंगर आहेत. ती १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत सिमेंटमध्ये मिसळतात; तिच्या विटाही होतात आणि त्या भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे वीटभट्टीचा कोळसा आणि शेताची सुपीक माती दोन्ही वाचतात. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून केलेल्या नव्या जातीच्या सिमेंटलाही २०२३ साली भारतीय मानक मिळाले आहे.

या मिश्र सिमेंटांविषयी बांधकामावर एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती अशी की, हे सिमेंट लवकर ताकद धरत नाही. त्यात तथ्य आहे. त्याची ताकद सावकाश येते, पण पुढे वाढत राहते. आणि खारे पाणी, क्षार यांच्यापुढे ते साध्या सिमेंटपेक्षा अधिक टिकते. त्याला हवे असते पाणी आणि सबुरी. मानकाचे सांगणे असे आहे की, उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस. आपल्याकडे स्लॅबवर आळी करून चार दिवस पाणी भरले, पाचव्या दिवशी टँकर आला नाही, की काम पुरे झाले असे समजतात. घराच्या आयुष्यातली काही वर्षे त्या चार-पाच दिवसांत वाया जातात, पण ते कोणाच्या वहीत लिहिले जात नाही.

आता घराच्या मधल्या आयुष्याकडे, म्हणजे माणसे त्यात राहतात त्या काळाकडे वळू. दुर्ग-रायपूरकडे काय किंवा नागपूर-चंद्रपूरकडे काय, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब हा दिवसभर तापणारा तवा असतो. दुपारची उष्णता त्यातून हळूहळू झिरपत खाली येते आणि संध्याकाळी, माणसे कामावरून घरी परतत असतात नेमकी त्याच वेळी, खोलीत उतरू लागते. रात्री बाहेरची हवा निवते तरी छत तापलेलेच राहते. छत्तीसगडातील जुने घर असे नव्हते. मातीची जाड भिंत, वर नळीची कौले, पुढे खोल पडवी, भिंतीला छुई मातीचा पांढरा हात, अशी त्याची ठेवण असे. विदर्भातील आणि मराठवाड्यातील धाब्याच्या व माळवदाच्या घरांनाही मातीच्या जाड थराने असेच संरक्षण दिले होते. त्या घरांना डागडुजी लागे, साप-विंचवांचे भय असे, वाळवी लागे. त्यांचे उगाच कौतुक करण्याचे कारण नाही. लोकांनी ती घरे सोडली ती हौसेने नव्हे, दर वर्षीच्या कष्टांना कंटाळून सोडली. पण ती सोडताना भिंतीबरोबर सावलीही सुटली, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही.

सावली गेली की यंत्र येते. दीड टनी वातानुकूलन यंत्र ताशी सव्वा ते दीड युनिट वीज घेते. रोज आठ तास आणि उन्हाळ्याचे शंभर दिवस ते चालविले, तर एक हजार ते बाराशे युनिटे होतात. आपल्या नमुन्यातील कुटुंबाच्या साऱ्या वर्षाच्या विजेइतकी वीज एकट्या यंत्राला लागते. शिवाय ते यंत्र खोलीतील उष्णता गल्लीत फेकते. ज्याला यंत्र परवडत नाही अशा शेजाऱ्याच्या वाट्याला ती जाते. ज्या प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो तेथे वाळ्याच्या ताट्या किंवा विदर्भाच्या घराघरांतला पाण्याचा कूलर हे काम ताशी पाव युनिटही न घेता करतो. पण त्याहून आधीची पायरी म्हणजे घरच असे बांधणे की उष्णता आत येऊच नये. घराच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवाव्यात. पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या कमी आणि झाड किंवा पडवी असावी. खिडकीवरचे छज्जे पुरेसे खोल असावेत. समोरासमोर झरोके असावेत. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, नकाशा काढणाऱ्याचे लक्ष लागते. २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रमही त्यात आला. पांढऱ्या छपराने खोलीतील उष्मा काही अंशांनी उतरतो. रात्री झोप लागणे आणि न लागणे यांतील अंतर कधी कधी तेवढेच असते.

सरकारनेही या बाबतीत नियम केले आहेत. व्यापारी इमारतींसाठी २००७ साली ऊर्जा संवर्धनाची संहिता आली, आणि निवासी इमारतींसाठी २०१८ साली इको निवास संहिता आली. भिंती आणि छप्पर यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यांत घातलेली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु या संहितांचा मुख्य भर इमारत वापरात असतानाच्या विजेवर आहे. इमारतीच्या जन्माचा आणि मरणाचा हिशेब अजून आपल्या नकाशामंजुरीच्या कागदांत क्वचितच मागितला जातो.

घराला म्हातारपणही असते, आणि ते चांगले जाणे हे तरुणपणी घेतलेल्या काळजीवर अवलंबून असते. काँक्रीटमधील सळई गंजली की फुगते, आणि फुगली की तिच्यावरचा काँक्रीटचा थर फुटतो. छताचे पोपडे पडू लागतात ते यामुळे. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण असणे हा त्यावरचा उपाय आहे. स्लॅबमध्ये हे आवरण साधारण २० मिलिमीटरांचे लागते. सळईखाली ठेवावयाचे लहानसे ठोकळे, गच्चीचा योग्य उतार, पन्हाळीची तोंडे मोकळी राखणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण घर तीस वर्षे टिकेल की साठ, हे त्यांवर ठरते. आणि घराचे आयुष्य दुप्पट झाले की त्याच्या जन्माच्या वेळच्या धुराचा दर वर्षाचा भार निम्मा होतो. टिकाऊपणाइतकी स्वस्त काटकसर दुसरी नाही. भिलाईच्या नगरात कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या पहिल्या क्षेत्रांतील क्वार्टर्स साठी ओलांडून गेली आहेत. बैठी आणि दुमजली विटांची घरे, रुंद रस्ते, भरपूर झाडे अशी त्यांची मांडणी आहे. त्यांची डागडुजी नीट होत राहिली तर तीच पोलाद-सिमेंटची खरी बचत ठरेल, कारण जी इमारत आधीच उभी आहे तिच्यासाठी नव्याने भट्टी पेटवावी लागत नाही.

मुंबईत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला आहे. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. त्याच बी.डी.डी. चाळी होत. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कामगारांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. त्या पाडून तेथे उंच मनोरे उभारण्याचे काम चालू आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या कुटुंबांचा आनंद न्याय्य आहे. सामाईक नळावर आणि सामाईक संडासावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांना 'जुनी इमारत जपा' असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. तथापि चाळींनी शंभर वर्षे काढली हे लक्षात ठेवून नव्या मनोऱ्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे: आपण किती वर्षे उभे राहणार? चाळीला उद्वाहन लागत नव्हते, पाणी चाळीस मजले चढवावे लागत नव्हते. मनोऱ्याची डागडुजी चाळीपेक्षा महाग असते आणि तिचा खर्च रहिवाशांवर येतो. हा खर्च न झेपल्यामुळे मनोरा अकाली म्हातारा झाला, तर आजच्या आनंदाची किंमत नातवंडांना मोजावी लागेल. पुनर्विकासाच्या करारात चटईक्षेत्राबरोबर इमारतीच्या आयुष्याचा आणि देखभालनिधीचाही स्पष्ट उल्लेख असावा, असे म्हणावेसे वाटते ते याचसाठी.

शेवटी घराचा अंत येतो. या बाबतीत आपल्या भाषेने एक फार जुना संकेत जपून ठेवला आहे. गावाच्या जमिनीचे आपण दोन भाग मानतो. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या पडत गेल्या, त्याच मातीच्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि गावठाणाची जमीन त्यांनी उंच व फिकट झाली. शेतकरी ही पांढरी माती गाडीत भरून शेतात टाकीत. म्हणजे घर मेले की ते पिकाच्या कामी येई. वाड्यांचेही असेच होते. सागवानी खांब, तुळया, कडीपाट हे खोबणीत बसविलेले असत. वाडा उतरविताना ते सुटे होत आणि दुसऱ्या घरात जात. पुण्याच्या जुन्या बाजारात वाड्यांचे दरवाजे आणि खांब आजही विकावयास येतात, ते सुटे करता येण्यासारखे बांधले होते म्हणून.

काँक्रीटचे घर असे सुटे होत नाही. ते फोडावे लागते. त्यातील सळई मात्र कोणी टाकून देत नाही. भंगारवाला ती उचलतो, आणि जालन्यासारख्या ठिकाणच्या विजेच्या भट्ट्यांत ती वितळून तिची पुन्हा सळई होते. खनिजापासून केलेल्या पोलादाच्या मानाने या पुनर्जन्माला निम्म्याहूनही कमी कर्बवायू लागतो. मोडलेल्या विटा आणि काँक्रीट मात्र नाल्यात, खाडीत, टेकडीच्या उतारावर रात्रीच्या अंधारात ओतले जाते. २०१६ साली केंद्र सरकारने बांधकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले. त्याच वर्षी भारतीय मानकाने फोडलेल्या काँक्रीटची खडी मर्यादित प्रमाणात पुन्हा काँक्रीटमध्ये वापरण्यास मान्यता दिली. दिल्लीत बुराडी येथे तर २००९ पासून असा राडारोडा दळून त्याच्या फरशा आणि ठोकळे करण्याचे काम चालू झाले. मार्ग आहे; तो वापरावयाचा तर पाडतानाच वीट, काँक्रीट, लाकूड, काच वेगळे ठेवावे लागते. आणि पाडताना वेगळे ठेवता यावे, यासाठी बांधतानाच तसा विचार केलेला असावा लागतो. नळ आणि विजेच्या तारा भिंतीत गाडून टाकल्या की साध्या दुरुस्तीसाठीही भिंत फोडावी लागते. त्या बाहेरून, झाकणाखाली नेल्या की भिंतीचे आयुष्य वाढते. खिडक्या-दरवाजे सिमेंटात चिणण्याऐवजी मळसूत्रांनी बसविले की ते दुसऱ्या घरी जाऊ शकतात.

खाणीपासून राडारोड्यापर्यंतचा हा सारा विचार एकाच वास्तूत एकवटलेला पाहावयाचा असेल तर तो वर्ध्याजवळ दिसतो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. तेथील कुटी माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची, आसपास मिळणाऱ्या सामानाने आणि गावच्या हातांनी बांधलेली आहे. मूळची ती मीराबहेन यांची; पुढे गांधीजी तीत राहू लागले आणि तीच बापूकुटी झाली. नव्वदी गाठण्यास आलेली ती मातीची कुटी दर वर्षीच्या निगराणीवर आजही उभी आहे. कोट्यवधी लोकांची शहरे बापूकुटीसारखी बांधता येणार नाहीत, हे उघड आहे. कोहक्यातील गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला दर वर्षी भिंती लिंपावयास वेळ कोठून मिळणार? परंतु त्या कुटीमागे जे प्रश्न होते ते आपण विचारू शकतो. हे सामान कोठून आले? ते येताना काय जळाले? उन्हाळ्यात ही भिंत मला जपेल काय? माझ्या मुलाला ती दुरुस्त करता येईल काय? आणि एके दिवशी ती पाडावी लागली तर तिचे काय होईल?

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकजण येत्या काही वर्षांत घर बांधतील, विकत घेतील, किंवा सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाच्या ठरावावर हात वर करतील. त्या वेळी चौरस फुटाचा दर विचारला जाईलच; त्याच्या जोडीला हे पाच प्रश्नही वास्तुविशारदाला आणि कंत्राटदाराला विचारावेत. विचारणारे वाढले की उत्तरे देणारेही तयार होतात, असा व्यवहाराचा अनुभव आहे. धातुमळाचे सिमेंट हवे, चौदा दिवस पाणी हवे, पश्चिमेला सावली हवी, असे घरमालकानेच म्हटले तर ते करण्यात कोणालाच अडचण नाही. भिलाईच्या भट्टीत जो धूर निघतो तो त्या गावाचा एकट्याचा नव्हे. मुंबई, पुणे, नागपूर, इंदूर येथे उठणाऱ्या प्रत्येक स्लॅबचा त्यात भाग आहे. आणि त्या धुराने वाढणारा उन्हाळा सर्वांत आधी सोसावा लागतो तो पत्र्याच्या आणि उघड्या स्लॅबच्या घरांतील माणसांना. त्यांची घरे गार राहतील, ती त्यांच्या मुलांना पुरतील, आणि त्यांच्यासाठी गरजेपेक्षा एकही पोते अधिक भाजावे लागणार नाही, एवढे साधले तरी आपल्या पिढीने बांधलेल्या घरांचा जमाखर्च पुढच्या पिढीला डोळ्यांखालून घालता येईल असा राहील.